समुद्रावरचे अडीच दिवस

आगगाडीचा प्रवास कितीही लांबचा असला तरी तो सहसा अगदी असह्य होत नाही. याचे बरेचसे श्रेय डब्याच्या खिडकीला द्यावे लागेल. शेते येतात, नद्या येतात, स्टेशनावर चहावाले ओरडत जातात आणि दर काही तासांनी फलाटावरची भाषा बदलते. समुद्रप्रवासाचे तसे नाही. बंदराचा दीपस्तंभ एकदा मागे पडला, की डोळ्यांपुढे उरते ते वर आकाश, खाली पाणी आणि त्या दोहोंना जोडणारी क्षितिजाची रेषा. पहिल्या तासाला हे दृश्य मनाला भारून टाकते. पाचव्या तासाला मुले विचारू लागतात, "आता काय करायचे?" त्याच सुमारास हातातला मोबाइलही मुका झालेला असतो आणि हा प्रश्न वडील माणसांनाही पडतो.

विलासी पर्यटन-जहाजांवर या प्रश्नाचे उत्तर जहाजाची कंपनीच देते. पोहण्याचे तलाव, नाटके, गाणीबजावणी आणि दिवसभर चालणारे खाणेपिणे यांची तेथे रेलचेल असते. परंतु आपल्या देशातील सामान्य कुटुंबाला घडणारा खरा दीर्घ समुद्रप्रवास वेगळाच आहे. तो म्हणजे चेन्नई, विशाखापट्टणम किंवा कोलकाता येथून अंदमानला जाणाऱ्या प्रवासी जहाजाचा. विमान हे अंतर दोन-सव्वादोन तासांत ओलांडते. जहाजाला चेन्नईहून सुमारे ६० तास लागतात आणि कोलकात्याहून त्याहूनही थोडे अधिक. हवामान बिघडले तर त्यात आणखी भर पडते. या जहाजांवर करमणुकीची साधने बेताचीच असतात. वेळ मात्र भरपूर असतो. तो कसा घालवावा, किंबहुना कसा सत्कारणी लावावा, याचा विचार निघण्यापूर्वीच केलेला बरा.

पहिला दिवस शरीराचा

समुद्रावरील पहिला दिवस बहुधा आपल्या इच्छेने चालत नाही, तो शरीराच्या इच्छेने चालतो. गाडी लागावी तशी अनेकांना बोट लागते. याचे कारण समजून घेतले तर भीती पुष्कळ कमी होते. आपल्या अंतर्कर्णात शरीराचा तोल सांभाळणारी रचना असते. जहाज डोलू लागले की ती मेंदूला कळवते, "आपण हलत आहोत." केबिनमध्ये बसलेले डोळे मात्र सांगतात, "भिंती तर स्थिर आहेत." या दोन परस्परविरोधी निरोपांमुळे मेंदू गोंधळतो आणि मळमळ, घाम, उलटी ही त्या गोंधळाची लक्षणे होत.

उपाय या कारणातच दडलेला आहे. डोळ्यांना आणि कानांना एकच गोष्ट सांगू द्यावी. त्यासाठी मोकळ्या डेकवर यावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. पुस्तक वाचणे, विणकाम करणे, मोबाइलवर चित्रे पाहणे या गोष्टी पहिल्या दिवशी टाळाव्यात. जहाजाचा मध्यभाग सर्वांत कमी डोलतो, म्हणून निवड करता येत असेल तर जागा मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि तुडुंब भरूही नये. कुरमुरे, भाजलेले चणे, खाकरा, आलेपाक, आवळासुपारी यांसारखे कोरडे आणि हलके पदार्थ जवळ असावेत. तेलकट पदार्थ घरीच ठेवावेत. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्या उलट्या सुरू झाल्यावर नव्हे, तर जहाज सुटण्यापूर्वी घ्यावयाच्या असतात. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि नेहमीची औषधे चालू असलेले वृद्ध यांना त्या देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे अवश्य आहे. उलट्या होतच राहिल्या तर जलसंजीवनी घोट घोट द्यावी आणि जहाजावरील डॉक्टरला कळवण्यात संकोच करू नये. बहुतेकांना एक-दोन दिवसांत सवय होते आणि मग त्यांना आपलीच मौज वाटू लागते.

वर्षाकाळी, म्हणजे जून ते सप्टेंबरपर्यंत, बंगालचा उपसागर खवळलेला असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे वादळांचे महिने. त्यामानाने जानेवारीपासून एप्रिलपर्यंत समुद्र शांत असतो. बरोबर मुले व वृद्ध असतील तर प्रवास याच काळात आखावा.

सुरक्षिततेचे दहा मिनिटे

जहाजावर पाऊल ठेवल्यानंतरचे पहिले काम खिडकीजवळची जागा पकडण्याचे नाही. आपले जीवनरक्षक जाकीट कोठे आहे, ते अंगावर कसे बांधावे आणि संकटकाळी कोणत्या ठिकाणी जमावे, हे कुटुंबातील प्रत्येकाने पाहून घ्यावे. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज झाले, की तो सर्वांनी ठरलेल्या जागी जमण्याचा इशारा होय. ही खूण मुलांना खेळासारखी पाठ करून घ्यावी. आपल्या जागेपासून जमण्याच्या ठिकाणापर्यंत त्यांना दोनदा चालवून आणावे. एकदा दिवसा आणि एकदा रात्री.

हे सांगणे अपशकुनाचे आहे असे कोणी मानू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट भर पावसाळ्यात बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. कोकणातील कित्येक घरांत ती आठवण अजून सांगितली जाते. तो प्रवास तर अवघ्या काही तासांचा, किनाऱ्याच्या आसऱ्याने होणारा होता. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे अत्याधुनिक जहाज खडकावर आदळले आणि ३२ माणसे दगावली. त्यातील अनेक प्रवाशांची बचावाची तालीम तोवर झालेली नव्हती. त्यानंतर ही तालीम जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेतली जावी, असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. तालमीच्या वेळी केबिनमध्ये पडून राहणारा प्रवासी स्वतःपुरतेच नव्हे, तर आपल्या मुलाबाळांसाठीही अज्ञान विकत घेत असतो. कठड्यावर चढणे, त्यावर मुलांना बसवणे, फोटोसाठी बाहेर झुकणे या गोष्टी तर सक्तीने वर्ज्य कराव्यात.

जहाजाचे घड्याळ

दुसऱ्या दिवशी शरीर सावरते आणि मनाचा प्रश्न सुरू होतो. दिवसाला आकार दिला नाही तर तो झोप, खाणे आणि पुन्हा झोप यांतच संपतो. म्हणून सकाळीच कुटुंबाने एक साधे वेळापत्रक करावे. त्याला जहाजाचेच उदाहरण समोर आहे. आपण अहोरात्राचे तीन-तीन तासांचे आठ प्रहर मानतो. दर्यावर्दी लोक चार-चार तासांचे सहा पहारे मानतात. एक गट सुकाणूजवळ उभा असतो, तेव्हा दुसरा विश्रांती घेतो. मध्यरात्री आपण झोपलेले असताना कोणीतरी जागा असतो, म्हणूनच आपली झोप निर्धास्त होते, हे मुलांना अवश्य सांगावे.

पहाटेचा पहारा सूर्योदयाला द्यावा. येथे मुलांसाठी एक सुंदर प्रयोग आहे. रोज सूर्य कोणत्या वेळी उगवला ते वहीत लिहून ठेवण्यास त्यांना सांगावे. जहाज पूर्वेकडे जात असते, परंतु घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच राहते. त्यामुळे सूर्य प्रत्येक सकाळी सुमारे वीस मिनिटे लवकर उगवताना दिसतो. चेन्नईपासून अंदमानच्या राजधानीपर्यंत रेखांशात साडेबारा अंशांच्या आसपास फरक पडतो. एका अंशाला चार मिनिटे धरली तर हा फरक सुमारे पन्नास मिनिटांचा होतो. भूगोलाच्या पुस्तकात रुक्ष वाटणारे रेखांश येथे प्रत्यक्ष डोळ्यांनी मोजता येतात.

वेगाचे गणितही असेच. समुद्रावर वेग नॉटमध्ये मोजतात. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या ते खलाशी मोजत, त्यावरून हे नाव पडले. तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, हा एक नॉट. चेन्नईपासूनचे सुमारे ११९० किलोमीटर अंतर ६० तासांत कापावयाचे तर ताशी २० किलोमीटरांहून किंचित कमी, म्हणजे पावणेअकरा नॉटांच्या जवळपास वेग पडतो. एवढे अजस्र जहाज चांगल्या सायकलस्वाराच्या वेगाने चालले आहे, हे गणित सुटल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

आणखी एक हिशेब. आपल्या डोळ्यांची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ते ३.५७ ने गुणावे. उत्तर म्हणजे क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर. सोळा मीटर उंचीच्या डेकवरून क्षितिज चौदा किलोमीटरांवर असते. अथांग वाटणाऱ्या समुद्राचा आपल्याला एका वेळी दिसणारा तुकडा इतका लहान असतो!

पाण्याचा रंग, आकाशाचे दिवे

कोलकात्याहून निघणाऱ्या जहाजाचा पहिला टप्पा हुगळी नदीतून जातो. तेथे पाणी चिखलकरी रंगाचे असते. मुखाबाहेर पडल्यावर ते हिरवट होते आणि खोल समुद्रात गडद निळे. हा बदल कोठे होतो याची नोंद ठेवणे हा एक उत्तम उद्योग आहे. हा प्रश्न पोरकट मानू नये. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नार्कुंडा' जहाजाने परत येत होते. भूमध्य समुद्राच्या निळाईने ते थक्क झाले. पाण्यात केवळ आकाशाचे प्रतिबिंब दिसते, हे तेव्हाचे प्रचलित उत्तर त्यांना पटेना. जवळच्या एका लोलकाने त्यांनी पृष्ठभागावरचे परावर्तन वगळून पाहिले. निळा रंग कमी न होता उलट अधिक खुलला. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हा विचार तेथून पुढे वाढला आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी 'रामन परिणाम' म्हणून जगापुढे आला. आज आपल्याला हेही ठाऊक आहे, की पाणी प्रकाशातील तांबडा भाग अधिक शोषून घेते आणि त्यामुळे निळाई आणखी गडद होते.

रामन यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची गोष्टही सांगण्याजोगी आहे. १९३० च्या जुलैअखेर ते मुंबईहून इंग्लंडला निघाले तेव्हा वयाची विशीही पूर्ण झालेली नव्हती. जहाजावरील मोकळ्या दिवसांत त्यांनी विझत चाललेल्या ताऱ्यांचे गणित मांडले आणि अशा ताऱ्याच्या वस्तुमानाला एक मर्यादा असली पाहिजे, या निष्कर्षाशी ते पोचले. १९८३ च्या नोबेल पारितोषिकाची बीजे अशी समुद्रावर रुजली होती.

प्रत्येक प्रवाशाने शास्त्रज्ञ व्हावे, असा याचा अर्थ नव्हे. पण शहरात दिव्यांच्या झगमगाटाने हिरावून घेतलेले आकाश येथे पुरतेपणी परत मिळते. रात्री जेवणानंतर डेकच्या अंधाऱ्या बाजूला अर्धा तास उभे राहावे. उत्तरेला ध्रुवतारा क्षितिजालगत दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश व्यापते, आणि ध्रुव मुठीहून थोडाच वर असतो. ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश, हे रहस्य जुन्या दर्यावर्दींना वाट दाखवीत असे. हिवाळ्यात दक्षिणेकडे अगस्ती, तर एप्रिलमध्ये रात्री त्रिशंकू दिसतो. मग खाली पाण्याकडे पाहावे. जहाजाने कापलेल्या फेसात हिरवट-निळ्या ठिणग्या चमकताना दिसल्या, तर ते सूक्ष्म सागरी जीवांचे स्वयंप्रकाशी रूप आहे असे समजावे. दिवसा उडणाऱ्या माशांचे थवे आणि नशीब असेल तर डॉल्फिनही सोबत करतात.

लेखन, वाचन आणि सहप्रवासी

समुद्रावरचा एकांत माणसाला कसा बदलता येतो, याचे बोलके उदाहरण महात्मा गांधींच्या चरित्रात आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला निघालेला तरुण मोहनदास इतका संकोची होता, की इंग्रजी बोलावे लागेल आणि काटे-चमचे धरावे लागतील या भीतीने तो बहुधा केबिनमध्येच बसून घरून आणलेल्या मिठाईवर व फळांवर दिवस काढी. तोच मनुष्य एकवीस वर्षांनी, नोव्हेंबर १९०९ मध्ये, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' जहाजावर 'हिंद स्वराज' लिहावयास बसला आणि अवघ्या दहा दिवसांत ते त्याने पुरे केले. उजवा हात थकला तेव्हा त्याने डाव्या हाताने लिहिले. समुद्र तोच होता. फरक पडला होता तो बरोबर नेलेल्या विचारांत.

एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याहूनच एका मराठी मुलीने समुद्राची वाट धरली होती. वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशी तेव्हा नुकत्याच अठरा वर्षांच्या झाल्या होत्या. घरचे कोणीही बरोबर नव्हते, आणि समुद्र ओलांडणेच ज्या काळी निषिद्ध मानले जाई तो तो काळ. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोचल्या. आज आपल्या मुली त्याच बंदरातून निघतात तेव्हा त्यांच्या हाती एक कोरी वही द्यावी आणि रोज एक पान लिहावयास सांगावे. मोबाइलमधील शेकडो छायाचित्रांपेक्षा ती दहा पाने पुढे अधिक काळ वाचली जातील.

सहप्रवाशांविषयीही दोन शब्द. डीलक्स केबिनमध्ये एकांत मिळतो, पण भारत पाहावयाचा असेल तर तो बंक वर्गात. १९४९ पासून पूर्व बंगालमधील निर्वासित कुटुंबे अंदमानात वसवली गेली. तमिळ, तेलुगू, मल्याळी, छोटा नागपूरचे आदिवासी असे अनेक समाज त्याआधी किंवा नंतर तेथे स्थिरावले. औषधोपचार करून परतणारे रुग्ण, सुटीवरून निघालेले जवान, मुख्य भूमीवर शिकणारे विद्यार्थी यांच्यासाठी हे जहाज सहलीचे साधन नसून जीवनवाहिनी आहे. त्यांच्याशी बोलावे, मुलांना त्यांच्या मुलांत खेळू द्यावे, प्रत्येक भाषेतील पाच-पाच शब्द गोळा करावेत. सहप्रवासाची फळे कधी कधी दूरवर पोचतात. १८९३ साली जपानहून उत्तर अमेरिकेकडे जाताना स्वामी विवेकानंद आणि जमशेटजी टाटा एका जहाजावर होते. पाच वर्षांनी टाटांनी स्वामीजींना त्या भेटीची पत्राने आठवण दिली आणि आपल्या विज्ञानसंस्थेच्या संकल्पासाठी साहाय्य मागितले. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली उभी राहिली.

गृहिणीची सुटी

या सर्व बेतांत एक गोष्ट सहज विसरली जाते. जहाजावर चूल नसते. ज्या स्त्रीच्या वाट्याला वर्षातील सर्व दिवस स्वयंपाकघर येते, तिला हे अडीच दिवस प्रथमच मोकळे मिळू शकतात. मिळू शकतात असे म्हणावयाचे कारण, चहासाठी रांगेत उभे राहणे, मुलांच्या उलट्या काढणे, सासूबाईंना औषध देणे ही सारी कामे पुन्हा तिच्याकडेच गेली तर तिच्या लेखी घर केवळ डोलू लागले, एवढाच फरक पडतो. म्हणून पहाऱ्यांची वाटणी येथेही असावी. सकाळचा पहारा वडिलांचा, दुपारचा थोरल्या मुलांचा. आईने त्या वेळी डेकवरच्या खुर्चीत स्वस्थ बसावे आणि तिला कोणीही हाक मारू नये. मोबाइल बंद असल्याने हाक मारणारे घरचेच असतात, आणि त्यांनी मनावर घेतले तर ही सुटी कोणी हिरावू शकत नाही. घरातील वृद्धांनाही मुलांच्या ताब्यात द्यावे. एरवी ज्या गोष्टी ऐकावयास नातवंडांना वेळ नसतो, त्या सांगण्यास याहून चांगली जागा नाही.

त्याच पाण्यावरून

शेवटच्या सकाळी पाण्यावर पाने, फांद्या दिसू लागतात. पक्षी येतात. मग क्षितिजावर निळसर ढगासारखी काहीतरी आकृती उमटते आणि ती हळूहळू हिरवी होते. अंदमानची राजधानी दक्षिण अंदमानच्या पूर्व किनाऱ्यावर असल्याने जहाजाला बेटांना वळसा घालून जावे लागते. हे काही तास केबिनमध्ये सामान बांधण्यात घालवू नयेत. सामान आदल्या रात्रीच बांधून ठेवावे. ज्या बंदरात आपण उतरतो ते पूर्वी पोर्ट ब्लेअर म्हणून ओळखले जाई. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे नाव श्री विजयपुरम असे ठेवण्यात आले.

याच पाण्यावरून १९११ च्या जुलैमध्ये 'महाराजा' नावाच्या जहाजाने विनायक दामोदर सावरकर यांना मद्रासहून आणण्यात आले. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला सेल्युलर तुरुंग त्यांची आणि त्यांच्यासारख्या अनेक बंद्यांची वाट पाहत होता. त्यांना क्षितिज दिसले नाही, कारण बंदी जहाजाच्या तळाशी कोंडलेले असत. किनाऱ्याकडे परतण्याची खात्रीही त्यांना नव्हती. काळे पाणी हा शब्द समुद्राच्या रंगावरून नव्हे, त्या ताटातुटीच्या धास्तीने आपल्या घराघरांत रूढ झाला.

आज आपण त्याच पाण्यावर मोकळ्या डेकवर उभे असतो, मुलांचे हात हातात असतात आणि परतीचे तिकीट खिशात असते. अडीच दिवस कसे घालवावेत याची चिंता करावी लागणे, हेदेखील एक भाग्यच आहे. धक्क्यावर पाऊल ठेवताच मोबाइल पुन्हा बोलू लागतील, घड्याळे पुन्हा धावू लागतील. तोवर जे पाहिले, मोजले, लिहिले आणि एकमेकांना सांगितले, तेवढेच आपले. म्हणून पुढच्या वेळी जहाजाचे तिकीट काढताना सामानाच्या यादीत औषधे व आलेपाक यांच्याबरोबर एक कोरी वही, एक पेन्सिल आणि थोडा संयम यांचीही नोंद अवश्य करावी.